काचेच्या कापडाला लावलेली कात्री

मित्रांनो, मला जुनी म्हणा, बोथट म्हणा, हवे तर भंगार म्हणा. गंजकी मात्र म्हणायचे नाही. गंज आळशी माणसांच्या कात्रीला चढतो. मी कामाने संपलेली कात्री आहे.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. आजकालच्या कात्र्या रंगीत प्लॅस्टिकच्या मुठी लावून दुकानात मिरवतात. मला लोहाराने लाल होईपर्यंत तापवले, ठोकले, विझवले आणि पुन्हा ठोकले. शेवटी त्याने डोक्यावरचा एक केस उपटून माझ्या पात्यांत धरला. तो अलगद तुटला तेव्हा कुठे लोहार हसला.

मला घेतले एका शिवणकाम करणाऱ्या बाईने. तिला सगळेच वहिनी म्हणत, नात्यातलेही आणि गिऱ्हाइकेही. दोन खोल्यांचे घर, पुढच्या खोलीत कापायचे टेबल, आणि टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात मी. मला हात लावायची घरात कुणाची बिशाद नव्हती. एकदा तिच्या नवऱ्याने मला घेऊन पुठ्ठ्याचे खोके कापले.

"आज पुठ्ठा कापलात, उद्या हिनंच पायाची नखं कापाल!" वहिनी कडाडली. त्या दिवशी त्याचे ताट वाढले गेले, पण आपटून.

वहिनीच्या हाताला एक सवय होती. प्रत्येक काप झाला की ती कमरेला बांधलेल्या फडक्यावर माझी पाती पुसायची. एकदा इकडून, एकदा तिकडून, मग पुढचा काप. आपण असे करतो हे तिला स्वतःला ठाऊकही नव्हते.

असा आमचा संसार चालला होता. मग लोक तयार कपडे घेऊ लागले. गिऱ्हाईक रोडावले. त्यातच नवऱ्याची पाठ धरली आणि तो अंथरुणाला खिळला. तेव्हा धाकटा दीर आला. त्याला वहिनी भाऊजी म्हणायची. त्याचा फायबरच्या होड्या बनवायचा कारखाना होता. पत्र्याची लांब शेड, पालथ्या घातलेल्या होड्या आणि डोके उठवणारा रसायनाचा वास. तिथे साच्यावर काचेच्या धाग्यांचे कापड अंथरतात, वरून चिकट रसायन फासतात, आणि वाळले की त्याचा दगड होतो. ते कापड बेतून कापायला भाऊजींना सराईत हात हवा होता.

पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर हत्यारे मांडली. "ही चाकाची सुरी, सरळ कापाला. पातं गेलं की फेकायचं, नवं लावायचं. ही दातेरी कात्री, वळणासाठी. दातांमुळे धागा निसटत नाही. आणि ती विजेची, थर जास्त असले की. घ्या तुम्हाला हवी ती."

वहिनीने दातेरी कात्री मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत उचलली. "हिचे दात दुधाचे आहेत का?"

"वहिनी, चेष्टा नको."

"चेष्टा कसली? मी माझी आणलीय." तिने मला पिशवीतून बाहेर काढले.

"अहो, हे नुसतं दिसायला कापड आहे. आहे काच. चांगली कात्री खाऊन टाकेल ते."

"भाऊजी, तुमच्या लग्नातला कोट हिनंच कापला होता. तुमचं पोट झाकलं हिनं, तिला हे कापड जड जाणार होय?"

कामगार खो खो हसले. थोरल्या भावजयीपुढे भाऊजींचे काय चालणार? त्यांनी कापडाची गुंडाळी तिच्यापुढे सरकवली.

पहिल्याच कापाला माझ्या पात्यांवर वाळू चोळल्यासारखे झाले. तरीही मी सरळ गेले. धागा ओढला नाही, कड विस्कटली नाही. कामगार बघायला जमले. "वा! कात्री आहे की काय आहे!" वहिनीची मान ताठ झाली आणि मित्रांनो, माझीही. काप झाला की फडक्यावर पुसायचे, काप झाला की पुसायचे. दिवस सरले तशी माझी धार खरवडत गेली. वहिनीचे हात कोपरापर्यंत लाल झाले. ती रात्रंदिवस खाजवायची आणि म्हणायची, "एक चांगलं शिवण मिळू दे, या काचेकडे मी कायमची पाठ फिरवीन."

आणि ते शिवण चालत घरी आले. पाववाल्याच्या बायकोने मुलीच्या लग्नाच्या पोशाखाचे कापड आणले. पांढरे, झुळझुळीत, हातात ठरेना.

"वहिनी, पोशाख असा पाहिजे की माझ्या चारही बहिणींचा जळफळाट झाला पाहिजे. मग बघा, त्यांच्या पोरीबाळी तुमच्याकडेच येतात की नाही."

वहिनी मला धार लावायला घेऊन गेली. धारवाल्याने पात्यावर अंगठा फिरवला आणि मान हलवली. "हिच्यात काही उरलं नाही हो. लावतो, पण टिकायची नाही."

"एवढा एक पोशाख निघू दे. पुढचं पुढे."

तो पोशाख मी कापला. दोन ठिकाणी कापड चावले गेले, ते वहिनीने शिवणीत दडवले. इतके सुरेख शिवण तिने आयुष्यात केले नव्हते. सगळे काम मांडीवर घेऊन केले, कमरेला फडके कारखान्यातलेच होते.

पोशाख घालून बघायला मुलगी आली. आरशापुढे गिरकी घेऊन हसली. मग तिने मान खाजवली. मग कंबर.

"नवं कापड आहे, टोचणारच थोडं," आई म्हणाली.

"थोडं नाही गं, आग होतेय!"

पोशाख उतरवला तर खांद्यांवर लाल वळ. वहिनीने पोशाख खिडकीच्या उजेडात धरला. शिवणीशिवणीतून बारीक कुसळे चकाकत होती. तिने खाली कमरेच्या फडक्याकडे पाहिले. तेही तसेच चकाकत होते.

"काय आहे ते?" आईने विचारले.

वहिनीला थाप मारता आली असती. जिभेने ती कुणाला हार जाणारी नव्हती. "काच," ती म्हणाली, आणि खाली बसली.

तो पोशाख तिने कितीदा धुतला. काच निघाली नाही. मुलीचे लग्न दुकानातल्या पोशाखात झाले, आणि वहिनी कपड्यात काच शिवते असे चारही मावश्यांनी गावभर केले. त्यानंतर एक बटण लावून घ्यायलाही कुणी आले नाही.

आता वहिनी कारखान्यातच असते. दातेरी कात्री वापरते आणि चेष्टा करत नाही. मी रसायनाच्या डब्यांशेजारी पडलेली असते. झाकणे उचकटायला मला घेतात.

परवा कामावर एक नवी बाई लागली. तिने रुमालात गुंडाळलेली, आरशासारखी लखलखीत कात्री बाहेर काढली. वहिनी तिला म्हणाली, "बाई, ती घरी ठेव."

"का? तुमची वाया गेली म्हणून माझीही जाणार का?" ती फणकारली.

वहिनीने आपली दातेरी कात्री उचलली. पलीकडून पहिल्या कापाचा आवाज आला.

मित्रांनो, हत्यार आवडते म्हणून निवडू नका. समोर काय कापायचे आहे ते बघून निवडा. आणि जे जिवापाड आवडते ते घरी ठेवा, त्याच्या कामापुरतेच बाहेर काढा. मला सांगायचे होते ते एवढेच. तुम्ही ऐकाल, असे काही मला वाटत नाही.