फाटकातला नकार

मी कॉलरला लावायचा माइक बोलतोय. हसू नका. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकून घेतलं, आता एकदा माझंही ऐका.

दिसायला मी शेंगदाण्याएवढा, पण कान तिखट. माझे मालक दिग्दर्शक. लग्नाचे व्हिडिओ आणि पुढाऱ्यांच्या मुलाखती करता करता त्यांना निर्वासित मुलांच्या शिक्षणाचा कळवळा आला. छावणीतली एक मुलगी त्यांनी निवडली, डोळे मोठे होते म्हणून. तिच्या आईने धुऊन दिलेल्या फ्रॉकवर मला अडकवलं. आत काळीज नुसतं धडधडत होतं. मला त्याचा वैताग यायचा, आवाज खराब होतो हो.

तिला कुठलीच शाळा घेत नव्हती. मालक म्हणाले, या शाळेच्या फाटकाशी जा आणि मला आत घ्या म्हण. ती गेली. मुख्याध्यापिका बाईंनी जुन्या शाळेचा दाखला मागितला. तो घरासोबत जळाला होता. बाईंनी हात झटकले. मालक म्हणाले, झकास, पण उजेड कमी पडला, पुन्हा घेऊ.

दुसऱ्या खेपेला बाईंनी केस सारखे केले, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि चक्क फाटक उघडलं. "ये बाळ, आत ये. दाखल्याचं बघू नंतर."

मुलीचा एक पाय आत पडलासुद्धा. तिचं काळीज असं उसळलं की माझे कान बधिर झाले.

"कट," मालक म्हणाले. "बाई, मगाशी नाही म्हणालात ते छान होतं. तसंच म्हणा. आपली फिल्म नकारावर आहे."

खांद्याला धरून मुलीला मागे आणलं. बाईंनी पुन्हा नकार दिला. या वेळी मुलगी खरोखर रडली, त्यामुळे सगळे खूश झाले.

सामान आवरल्यावर मालक मला काढायला वाकले, तेव्हा तिने विचारलं, "काका, आता खरं कधी करायचं?"

त्यांनी फाटकाकडे पाहिलं. कॅमेरा पेटीत गेला तशी बाईंची दयाही गेली होती. शिपाई कुलूप लावत होता. "बघू हं," म्हणत मालकांनी मला खिशात टाकलं.

फिल्मला बक्षीस मिळालं. आज मी मालकांच्या कोटावर आहे. ते भरल्या सभागृहाला सांगताहेत, "आम्ही दार ठोठावत राहिलो. कुणी उघडलं नाही." लोक टाळ्या वाजवताहेत, काही डोळे पुसताहेत. मी मालकांच्या छातीला चिकटून आहे. एक ठोका चुकत नाही. आवाज अगदी स्वच्छ येतोय.

कुणीतरी मला बंद करा हो.