एकदाच विचारलेली खोली

स्कार्विक गावात पहिल्यांदा विचारल्यावर कुणी 'हो' म्हणत नाही. कॉफी असो, वॅफल असो, नाहीतर लग्नाची मागणी असो! आधी म्हणायचं, नको. मग घरची बाई म्हणणार, अगं घे की. मग म्हणायचं, खरंच नको, तुम्हाला उगाच त्रास. मग ती जरा रागावल्यासारखं करून तिसऱ्यांदा विचारणार, आणि तेव्हा मान खाली घालून म्हणायचं, बरं, एवढं म्हणताय तर अर्धा कप. आणि प्यायचा पूर्ण. धक्क्याजवळच्या ओलुफने तरुणपणी एकदा पहिल्याच विचारण्याला 'हो, द्या' म्हटलं होतं. आता त्याच्या तोंडाचं बोळकं झालं, तरी गाव त्याला 'हो-द्या ओलुफ' असंच म्हणतं.

ओस्ने याच गावची, टोर्लाइव कोळ्याची एकुलती एक लेक. दहावीत तिचा पहिला नंबर येणार हे नक्की होतं, कारण दहावीत ती एकटीच होती. उन्हाळा संपला की पुढच्या शाळेसाठी ट्रोम्सो शहरात जायचं. तिकडच्या सगळ्या खाड्यांतली पोरं जातात, भाड्याच्या खोलीत एकेकटी राहतात, गरम पाण्यात शेवया भिजवून खातात आणि घरी फोन करून सांगतात की मजेत आहे. ओस्नेला त्या शेवयांची भीती नव्हती. संध्याकाळी दार उघडल्यावर आत अंधार असेल, आणि 'आलीस का गं?' असं कुणी म्हणणार नाही, याची होती. आई गेल्यापासून घरी बाबा समुद्रावर असला की तेच व्हायचं. तेच आता शहरात जाऊन करायचं?

म्हणून जानेवारीतल्या प्रार्थनाघराच्या मंडळीच्या मेळाव्याला ती या वर्षी एकटी निघाली. बाबाची जाळी पाण्यात होती. ट्रोम्सोला बिर्तेमावशीकडे उतरायचं होतं. बिर्तेमावशी मूळची डेन्मार्कची, पण मेळाव्यात आईच्या शेजारी उभी राहून गायची, दोघींची गट्टी होती. तिची मुलगी सिग्रून शिकायला दक्षिणेत गेली होती आणि तिची खोली रिकामी होती.

"खोलीचं आपण काढायचं नाही," धक्क्यावर बाबा म्हणाला. "त्यांनी विचारलं तर–"

"तर दोनदा नको. माहितीय रे बाबा."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा हो. मी काय ओलुफ आहे?"

बाबा हसला, तिची टोपी कानांवर ओढली आणि बोट सुटायच्या आधीच वळून चालू लागला. निरोपाच्या वेळी उभं राहणं त्याला जमत नाही.

दुपारची वेळ होती, पण सूर्याला डोंगराआड जाऊन दोन महिने झाले होते. पाणी निळं, बर्फ निळा, बोटीतल्या माणसांची नाकंसुद्धा निळी. ओस्ने काचेला डोकं टेकून आपली तिन्ही उत्तरं मनात घोकत राहिली. तिसरं सगळ्यात छान होतं. त्यात आधी थोडं थांबणं होतं, मग हलकंसं हसू.

बिर्तेमावशीने दारातच मिठी मारली. सिग्रूनच्या खोलीत ओस्नेचं अंथरूण घातलेलं होतं. खोली म्हणजे काय सांगू! उतरतं छत, पिवळा दिवा, खिडकीतून थेट पुलाचे दिवे, आणि खालून स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज. ओस्ने पलंगावर बसून तो आवाजच ऐकत राहिली.

जेवायला उकडलेला कॉड मासा होता.

"आणखी घेतेस?" मावशीने विचारलं.

"नको."

"बरं," म्हणून मावशीने भांडं उचललं आणि आत ठेवून दिलं!

ओस्ने बघतच राहिली. विसरली असेल, तिला वाटलं. दमली असेल बिचारी. त्या रात्री ती अर्ध्या पोटी झोपली आणि तरीही खूश होती, कारण खाली कुणीतरी गुणगुणत भांडी पुसत होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनाघरासाठी वॅफल करायची होती. मावशी साच्यात पीठ ओतत होती, ओस्ने जॅमच्या बरण्या उघडत होती. मावशी सहज म्हणाली, "सिग्रूनची खोली रिकामीच असते. ऑगस्टपासून तू इथेच का राहत नाहीस?"

ओस्नेच्या हातातून बरणीचं झाकणच सुटलं. तिने ते उचललं, श्वास घेतला आणि पहिलं उत्तर अगदी छान म्हटलं.

"नको गं मावशी. कशाला तुला त्रास?"

"बरं," मावशी म्हणाली आणि तिने वॅफल उलटलं.

ओस्ने थांबली. वॅफल झालं. दुसरं झालं. तिसरं जरा करपलं. मावशी हवामानाबद्दल बोलू लागली.

त्यानंतरचे दोन दिवस ओस्नेने काय काय नाही केलं! जिन्यात उभी राहून मोठ्याने म्हणाली, "या खिडकीतून काय सुंदर दिसतं!" मावशी म्हणाली, हो ना. जेवताना म्हणाली, "भाड्याच्या खोल्या म्हणे फार गार असतात." मावशीने उठून तिला लोकरीचे मोजे आणून दिले. लाल, जाड, सुरेख मोजे! ओस्नेला ते फेकून द्यावेसे वाटले.

मेळाव्याला दूरदूरच्या खाड्यांतून माणसं आली होती. सगळी एकमेकांच्या गळ्यात पडत होती. "तू कारीची मुलगी ना? अगदी आई बघ!" असं म्हणून तिचे गाल दाबत होती, आणि तिच्या खांद्यावरून पलीकडे आणखी कुणाला तरी हाक मारत होती. गाणी सुरू झाली तेव्हा आईच्या जागी एक उंच बाई उभी होती. ओस्ने मागच्या बाकावर बसली. कॉफीच्या वेळी तिने भिंतीवरची सगळी चित्रं दोनदा पाहिली.

रविवारी उपासना संपल्यावर कॉफीच्या टेबलापाशी मावशी एका मुलीशी बोलत होती. इल्वा तिचं नाव, पलीकडच्या बेटावरची, ओस्नेच्याच वयाची. अचानक इल्वा ओरडलीच, "हो! हो, हो! कधी येऊ?" आणि तिने मावशीला मिठी मारली.

लोक वळून बघू लागले. ओस्नेला आधी इल्वाचीच लाज वाटली. शी, काय ही हावरट! मग मावशी हसत हसत ओस्नेकडेच आली.

"बघ, मिळालं बाई खोलीला माणूस! तुला नको होती, तर म्हटलं हिला विचारावं."

"छानच झालं," ओस्ने म्हणाली.

हातातला कप खाली ठेवताना तो बशीवर वाजला, इतकंच.

संध्याकाळी मावशीचा नवरा हालवार जहाजावरून घरी आला. हा मात्र इकडचाच, स्कार्विकच्या पुढच्या खाडीतला. हात धुऊन टेबलाशी बसता बसता म्हणाला, "मग? कारीची लेक येणार ना आपल्याकडे राहायला?"

"मी विचारलं होतं. नको म्हणाली," मावशी म्हणाली. "इल्वा येतेय."

"कितीदा विचारलंस?"

"कितीदा म्हणजे? एकदा."

हालवारने काटा खाली ठेवला. "अगं बाई! स्कार्विकच्या मुलीला एकदा?"

"मग कितीदा विचारायचं? आमच्याकडे नको म्हणजे नको. पुन्हा विचारलं की पोरीवर जबरदस्ती केल्यासारखं होतं." बोलता बोलता मावशी लाल झाली. ती ओस्नेकडे वळली. "तुला हवी होती?"

ओस्नेच्या जिभेवर 'नको गं' आलंच होतं, सवयीने. तिने ते गिळलं.

"हवी होती."

"मग म्हणाली का नाहीस?"

"म्हणणारच होते. तू आणखी दोनदा विचारल्यावर."

कुणी हसलं नाही. मावशीने तोंडावर हात ठेवला. इल्वाने आईला फोन केला होता, तिची आई फोनवर आनंदाने रडली होती, हे मावशीनेच मघाशी सांगितलं होतं. इल्वाला दिलेला शब्द फिरवणं तिघांपैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

"बैठकीच्या खोलीत सोफा आहे," मावशी घाईने म्हणाली. "उघडला की पलंगच होतो. ये ना तू!"

"नको, मावशी."

मावशीने नवऱ्याकडे पाहिलं. हालवारने टेबलाखाली दोन बोटं दाखवली. ओस्नेला ती दिसली.

"ये गं. खरंच ये."

"खरंच नको."

"ओस्ने, मी तिसऱ्यांदा विचारतेय." मावशीचे डोळे भरले होते. "राहा आमच्याकडे."

हाच तो तिसरा प्रश्न. किती घोकलं होतं याचं उत्तर, थांबण्यासकट, हसण्यासकट! पण हा प्रश्न खोलीचा नव्हता. वरच्या खोलीत इल्वा असणार, आणि आपण येणाऱ्या-जाणाऱ्याच्या वाटेत, रोज सकाळी अंथरूण गोळा करून पाहुण्यासारख्या. आणि मावशी रोज अशीच बघणार, डोळे भरून.

"नको," ओस्ने म्हणाली. या वेळी ते खरं होतं, आणि हालवारला ते कळलं. त्याने माशाचं भांडं उचललं आणि न विचारताच तिच्या ताटात वाढलं.

सोमवारी शहरात सूर्य परत यायचा दिवस. शाळेतली पोरं त्या दिवसाच्या रीतीप्रमाणे जॅम भरलेले गोल पाव खात रस्त्यावर उतरली होती. मावशीने धक्क्यावर तिला घट्ट धरून ठेवलं आणि बोट सुटेपर्यंत हात हलवत उभी राहिली. ओस्नेनेही हलवला. मग ती आत जाऊन खिडकीशी बसली आणि तिने मोबाइलवर भाड्याच्या खोल्यांची पानं उघडली. शाळेजवळची एक सापडली. तिने फोन लावला.

एका म्हाताऱ्या बाईने उचलला. "खोली तळघरात आहे हं. खिडकी आहे, पण लहान–"

"हो, घेते."

"अगं, भाडं तरी विचार!"

"सांगा ना. बाबा सही करेल. पण मी घेते."

"बाई गं, काय घाई!" बाई हसली. मागे तिच्याकडे रेडिओ चालू होता. "स्वयंपाकाला शेगडी एकच आहे. तू एकटीच राहणार ना?"

डोंगराच्या खाचेतून सूर्याची कड वर आली. बोटीतली माणसं उठून त्या बाजूच्या खिडक्यांशी गेली, एकमेकांना बोलावू लागली. तिच्या रांगेतल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या.

"हो," ओस्ने म्हणाली. "एकटीच."