बोटांत अडकलेला मृत्यू

माणसाच्या देहात दडून बसलेलं प्रत्येक दुःख अखेर हाताच्या बोटांतून बाहेर पडतं, हे चिरंतन सत्य देहगुरूंना प्रदीर्घ साधनेअंती गवसलं. साधनेआधी ते गाद्या विकत. त्यातल्याच न खपलेल्या गाद्यांवर आता सभागृहभर माणसं डोळे मिटून आडवी पडली होती.

"श्वास! अजून जोरात! भात्यासारखा!" पडदे ओढलेल्या अंधारात देहगुरू गाद्यांमधून फिरत होते. "मन खोटं बोलेल, शरीर बोलणार नाही. आतलं सगळं बाहेर येऊ दे!"

कोणी हुंदके देत होतं, कोणी थडथड उडत होतं. भिंतीकडच्या गादीवर एक बाळंतीण होती, चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायचं काम करणारी. बाळंतपण तिच्या जिवावर बेतलं होतं. तेव्हापासून बाळ रडलं की तिची छाती धडधडे, घशाला कोरड पडे. औषध नाही, बोलणं नाही, नुसता श्वास घ्यायचा, असं सांगून शेजारणीने तिला इथे आणलं होतं.

आधी ओठांना मुंग्या आल्या. मग अंगठा तळव्यात ओढला गेला, बोटं एकमेकांना चिकटून ताठ झाली, मनगट वाकलं. तिने ते सरळ करू पाहिलं. हात ऐकेना. जणू तो तिचा उरलाच नव्हता.

"वळली!" शेजारच्या गादीवरचे निवृत्त बँक अधिकारी हेव्याने म्हणाले. घरी सराव करूनही त्यांची बोटं अजून वळली नव्हती.

देहगुरू तिच्यापाशी वाकले. "बाई, ही पकड आहे. बाळंतपणात मृत्यूने तुझा हात धरला, तो अजून सोडलेला नाही. हे हात बाळाला लावू नकोस. स्पर्शातून उतरतं ते."

"म्हणजे बाळाला काही होईल?"

"मी काय सांगणार? तुझे हातच सांगताहेत."

तिने बाळाला उचलणं सोडलं. ते रडलं की ती दाराशी उभी राही, दोन्ही हात काखेत गच्च दाबून. बाटलीने दूध पाजणं, पुसणं, जोजवणं, सगळं नवऱ्याकडे. भीतीने तिथेही तिला धाप लागे, बोटांना मुंग्या येत, आणि गुरूंचं खरंच आहे, असं तिला नव्याने पटे.

अशात नणंद आली. ती इस्पितळात लोकांना भूल द्यायची आणि घरच्यांना शुद्धीवर आणायची.

"ताई, मला शिवू नका," बाळंतीण मागे सरली.

"का गं? शॉक लागतो?"

रडत रडत तिने सगळं सांगितलं. नणंदेने भावाला खुर्चीत बसवलं. "घे श्वास. भात्यासारखा."

"मला कुठे काय झालंय?"

"म्हणूनच. तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख कोणतं?"

त्याने बराच विचार केला. "छत्री हरवली होती. चांगली होती गं."

"चालेल."

तो फसाफसा श्वास टाकू लागला. थोड्या वेळाने त्याचा चेहरा उतरला. "ताई, माझा हात! हात बघ!" अंगठा तळव्यात गेला होता, मनगट वाकलं होतं.

"यांनाही धरलं!" बाळंतीण किंचाळली. "माझ्यामुळे!"

"कोणी धरलं? छत्रीने?" नणंद म्हणाली. "तोंड मीट रे. नाकाने घे, सावकाश सोड."

हळूहळू बोटं उलगडली.

"भराभर श्वास टाकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं, नसा चवताळतात आणि बोटं वळतात. त्यासाठी मृत्यूला बोलवावं लागत नाही."

"पण ताई, भीती खरी आहे हो. छाती खरंच धडधडते."

"खरीच आहे. मरता मरता वाचलीस, शरीर घाबरणारच. अंग कुठे आखडतं ते ओळखायला आणि भीती हळूहळू सैल करायला शिकवणारी रीतसर शिकलेली माणसं आमच्याकडे आहेत, त्यांच्याकडे जाऊ. मात्र जो आधी घाबरवतो आणि मग आपल्या घाबरण्यालाच पुरावा म्हणतो, त्याला एक विचारायचं: ज्याला काहीच झालेलं नाही, त्याच्यावर हे करून पाहिलंत का?"

आतून बाळाचं रडणं आलं. नवरा उठू लागला, तर नणंदेने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

बाळंतीण उठली. सवयीने काखेत गेलेले हात तिने बाहेर काढले. ते पाळण्यात गेले आणि तिने बाळाला उचललं.

बाळ ओलं झालं होतं.