घरी कोण जातंय?

त्या शुक्रवारी टेरन्स क्लेगला स्वतःच्या जिभेला डाग द्यावासा वाटला.

टेरन्स लंडनच्या संसदेत दारवान. बावीस वर्षं तोच शेपटीचा काळा कोट, तोच पांढरा टाय. त्या दिवशी छोटी इस्पितळं वाचवणाऱ्या विधेयकावर मतदान होतं. त्याच्या गावचं, एल्व्हरबीचं इस्पितळही त्यातलंच. त्याची बायको मोइरा तिथे आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची. ते बंद झालं, तर दुसरं अडीच तासांवर.

गावच्या खासदार गार्बटबाई. लहानपणी टेरन्सला पाढे त्यांनीच शिकवलेले. आता ऐंशीला टेकलेल्या, हातात काठी.

"बाई, मंत्री बोलायला उठलेत," टेरन्सनेच त्यांना दारात सांगितलं. "हा गृहस्थ अर्ध्या तासाच्या आत बसेल तर शप्पथ! पाय सुजलेत तुमचे. जा, चहा घ्या निवांत."

"मतदान चुकायचं नाही ना रे?"

"घंटा आठ मिनिटं वाजते, बाई. दोनदा येऊन जाल तुम्ही!"

कोण किती वेळ बोलतो हे टेरन्सला तोंडपाठ. आणि मेल्या मंत्र्याला नेमकी आजच अवदसा आठवली! चार मिनिटांत बसला. मतदानाची घंटा सुरू झाली.

टेरन्स होकाराच्या लॉबीच्या, म्हणजे विधेयकाच्या बाजूचे खासदार मत द्यायला ज्या दालनात जातात त्याच्या दारात, हातात किल्ली. दार सोडून हलायची सोय नाही. खासदार येत होते, आत जात होते. बाईंचा पत्ता नाही. पाच मिनिटं झाली. सहा. कॉलरखाली घाम साचला.

"गार्बटबाई दिसल्या का हो?" त्याने एकाला विचारलं.

"खुर्चीत डोळा लागलाय त्यांचा. हलवून आलो. येताहेत."

सातव्या मिनिटाला काठीचा आवाज आला. बाई वळणावर दिसल्या, भिंतीला धरून चालत.

आठ मिनिटं भरली. "दारं लावा!" सभापतींचा हुकूम झाला.

"थांब रे टेरन्स! आले!"

पंधरा पावलं. ज्या सभेत राजाच्या दूताच्याही तोंडावर दार आपटायची रीत, तिथे बाईंसाठी थांबायचं? आतून दहा जण बघत होते. त्याने दार ओढलं, किल्ली फिरवली. पलीकडून काठी दारावर टेकल्याचा आवाज आला.

एकेचाळीस विरुद्ध बेचाळीस. विधेयक पडलं. बाईंचं मत पडलं असतं, तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरी झाली की सभापती प्रथेप्रमाणे विधेयक जिवंत ठेवतात.

टेरन्सने दार उघडलं. बाई बाकावर बसल्या होत्या.

"चूक माझी, बाई. मीच पाठवलं तुम्हाला."

"झोपले मी, अन् चूक तुझी?" त्यांनी डोळे पुसले. "मोइराला तू सांगतोस, की मी सांगू?"

तेवढ्यात सभा उठली. सभा उठली की दारवानाने आरोळी द्यायची, वाटमारीच्या काळात खासदार जथ्याने घरी निघत तेव्हापासूनची ही रीत. आज पाळी टेरन्सची. पण तो अजून बाईंजवळच वाकून उभा होता.

"ओरडा की, क्लेग! गाडी चुकेल आमची," कुणीतरी हसत म्हणालं.

"घरी कोण जातंय?" टेरन्स ओरडला. "घरी कोण जातंय?"

एल्व्हरबीला जाणाऱ्या चार वीसच्या गाडीचं तिकीट त्याच्याही खिशात होतं. मोइराने मटणाचा रस्सा करून ठेवला होता, त्याची वाट बघत.