तळव्यांना कळणारी थरथर

गाडीतली थरथर शोधायची माझी पद्धत सोपी आहे. बूट काढायचे. स्टिअरिंग धरलेल्या हातांना झिणझिण्या आल्या तर दोष पुढच्या चाकांत, बुडाखालची सीट हलली तर मागच्या चाकांत, आणि तळव्यांना गुदगुल्या झाल्या तर शाफ्टमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत फिरत जाणाऱ्या त्या लांब दांड्यात. किनाऱ्याकडची कॉम्प्युटर लावून बसणारी पोरं मला हसतात. हसू देत. इथे आत, ओसाड मुलखातल्या बुलिया गावात तीस वर्षं गॅरेज चालवतोय, माझे तळवे एकदाही चुकलेले नाहीत.

त्या गुरुवारी सकाळी वॉली प्रेंटिसची जुनी फोर-व्हील दारात येऊन उभी राहिली. वॉली त्र्याहत्तर वर्षांचा आणि नाकावर माशी बसू न देणारा. शेजारी बायको नोरीन. दोघं उतरले ते भांडतच.

"कीथ, ही गाडी थरथरते," नोरीन म्हणाली.

"नाही थरथरत," वॉली म्हणाला.

"तीन महिने सांगतेय! माझी कवळी वाजते रे, कवळी!"

"कवळी सैल आहे तुझी. ती दाखव कुणाला तरी. कीथला काय दाखवतेस?"

मला हसू आलं. पण नोरीन हसली नाही, आणि त्याचं कारण मला माहीत होतं. त्यांचं घर गावापासून नव्वद किलोमीटर आत. नोरीनची नजर काचबिंदूने गेल्यातच जमा, त्यामुळे गाडी चालवणारा एकटा वॉली. किराणा, औषधं, गुरांचं पाणी बघणं, सगळं त्याच्या गाडीवर. गाडी बंद पडली की त्यांचं घरच बंद. गेल्या वर्षी लेकीने किनाऱ्यावरच्या टाउन्सव्हिलला त्यांच्यासाठी खोली तयार केली होती. दोघं अकराव्या दिवशी परत आले. "तिथे खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते," एवढंच वॉली बोलला होता.

"चला, एक चक्कर मारू," मी म्हणालो. "वॉली, तू चालव."

तिघं एका सीटवर दाटीवाटीने बसलो. नोरीन मध्ये, गिअरच्या दांड्याला गुडघे सांभाळत. मी बूट-मोजे काढून पाय गाडीच्या फरशीवर टेकवले. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत सुरू झालं. साठच्या वेगाला सगळं ठीक. सत्तरला तळव्यांखाली काहीतरी जागं झालं. ऐंशीला तर पायांत मधमाश्यांचं पोळं ठेवल्यासारखं झालं, आणि नोरीनने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं.

"आता!" ती म्हणाली.

"कुठे काय?" वॉली म्हणाला.

"न्यूट्रल कर," मी म्हणालो. त्याने केलं. इंजिन शांत झालं, गाडी नुसती घरंगळत राहिली आणि थरथर तशीच. म्हणजे इंजिन संशयातून सुटलं. स्टिअरिंगवर त्याचे हात स्थिर होते, म्हणजे पुढची चाकंही सुटली. शाफ्टचा क्रॉस गेला होता, शाफ्टला दोन्ही टोकांना वळू देणारा तो सांधा. माझी खात्री पटली.

"वॉली, शाफ्ट आहे. एवढं हलतंय नि तुला कळत नाही?"

"हलतच नाही तर काय कळणार? तिने तुला पढवून आणलंय."

मला राग आला. तीस वर्षांत कुणी माझ्या तळव्यांना खोटं पाडलं नव्हतं. मी म्हणालो, "थांबव गाडी. मी चालवतो. तू इकडे बस आणि बूट काढून पाय टेकव. मग बोल."

"बूट मी झोपतानाही काढत नाही."

"आंघोळीलाही काढत नाही, म्हणून तर वास येतो," नोरीन म्हणाली. "काढ रे, घाबरतोस काय? हरशील म्हणून?"

हे मात्र त्याला लागलं. गिजीच्या एका खुरट्या झाडाखाली त्याने गाडी थांबवली, उतरून पायरीवर बसला आणि उजवा बूट ओढला. बूट निघेना. जोर लावला तेव्हा एकदम सुटून आला, आणि मोजा टाचेपासून बोटांपर्यंत काळाकुट्ट दिसला. मला आधी ग्रीस वाटलं. ते वाळलेलं रक्त होतं.

मी बूट उलटा केला. पत्रे बसवायचा स्क्रू तळातून आरपार गेला होता, माझ्या करंगळीएवढा लांब. चालून चालून त्याचं डोकं घासून चकाकत होतं.

"शेडवर पत्रे कधी टाकलेस?" मी विचारलं.

"सोमवारी."

सोमवार ते गुरुवार. तीन दिवस हा माणूस स्क्रूवर चालत होता.

"दुखलं नाही?" नोरीनने विचारलं. तिला दिसत नव्हतं नीट, ती हाताने त्याचा पाय चाचपत होती. बूट ओढताना जखम पुन्हा फुटली होती; तिचा हात ओला झाला.

"दुखलं असतं तर काढला नसता का?" वॉली म्हणाला. आपल्याच पायाकडे तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघत होता.

मी काही डॉक्टर नाही. पण बिघाड शोधायची एकच रीत मला येते. "डोळे मीट," मी म्हणालो. "लागलं की सांग." खिशातला पाना मी त्याच्या अंगठ्यावर दाबला. मग बोटांवर, मग चवड्यावर. डाव्या पायाचाही बूट काढून तेच केलं. वॉली डोळे मिटून वाट बघत राहिला.

"कर की सुरू," तो म्हणाला.

मी पाना खिशात ठेवला. "झालं करून, वॉली."

त्याने डोळे उघडले. मग तो हळू म्हणाला, "ब्रेकवर पाय आहे की नाही, हे मी हल्ली खाली बघून ठरवतो. वाटलं, वय झालं." आणि लगेच आवाज चढवून म्हणाला, "दवाखान्यात नर्सला फक्त स्क्रूचं सांगायचं. बाकी एक शब्द नाही. कीथ? शब्द दे."

मी शब्द दिला नाही आणि नाहीही म्हणालो नाही. या मुलखात माणसाची गाडी काढून घेणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. माझ्या बापाची मीच काढून घेतली होती. मी नुसता स्टिअरिंगमागे जाऊन बसलो.

परतताना वॉलीने दोन्ही अनवाणी पाय फरशीवर टेकवले होते. उजव्याला माझं फडकं बांधलेलं. तो पाय दाबून बघे, उचलून पुन्हा टेकवे.

"आत्ता हलतंय?" त्याने विचारलं.

"हो."

"नोरीन, तुलाही?"

"दातांपर्यंत," ती म्हणाली. या वेळी तिने टोमणा मारला नव्हता. तिने त्याचा हात घेतला आणि वाकून फरशीवर, पायांशेजारी टेकवला. वॉली तसाच वाकून बसला. पुढचे दोन किलोमीटर तो वर उठला नाही.

"बाप रे," तो शेवटी म्हणाला. "केवढं हलतंय. आणि मी तुला तीन महिने खोटी पाडली."

गावाच्या तोंडाशी मी विचारलं, "आधी गॅरेज की दवाखाना?"

"दवाखाना," वॉली म्हणाला.

नर्स मॅरिबेलने फडकं सोडायला घेतलं, तर त्याने तिचा हात धरला. "स्क्रू नंतर बघ, पोरी. आधी लिहून घे. मला पाय कळत नाहीत." तिने त्याच्या बोटाला टोचून रक्तातली साखर पाहिली आणि आकडा दोनदा तपासला. मंगळवारी डॉक्टर विमानाने येतात, तोवर गाडीला हात लावायचा नाही, असं तिने बजावलं. "आणि नंतर?" नोरीनने विचारलं. "खोटी आशा दाखवत नाही," मॅरिबेल म्हणाली. "साखर वाढून मेलेली जाणीव सहसा परत येत नाही."

दुपारी मी गाडी दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली. मागच्या क्रॉसची एक वाटी ग्रीस संपून कोरडी पडली होती आणि तिच्याभोवती गंजाची लाल पूड. नवा क्रॉस बसवला आणि एकटाच चक्कर मारून आलो. गाडी लोण्यासारखी चालली. काम फत्ते झालं की मी शीळ घालत परततो. त्या दिवशी मला गाडीचाच राग आला होता.

वॉली गॅरेजच्या बाकावर बसला होता. पाय पांढऱ्या पट्टीत, शेजारी नोरीन. मी चावी कुणाला द्यावी ते न कळून तशीच हातात धरून उभा राहिलो.

"चावी लेकीला दे. फोन केलाय, ती उद्या पोचतेय," वॉली म्हणाला. "झाली का नीट?"

"झाली."

"नुसतं झाली म्हणू नकोस. कशी चालते ते सांग."

म्हणून मी त्याच्या शेजारी बसलो आणि सांगितलं. साठला कशी, सत्तरला कशी. ऐंशीला फरशी कशी शांत होती, पाय टेकवले तर घराच्या ओट्यावर टेकवल्यासारखे. तो डोळे मिटून ऐकत होता.

"ऐंशीचं पुन्हा सांग," तो म्हणाला.