कुलूपवाले काका कुठे गेले?

बाबांना स्मृतिभ्रंश झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मुलाने पहिला प्रश्न औषधाचा विचारला नाही. "ही गोष्ट बाहेर तर जाणार नाही ना?" असं त्याने विचारलं.

त्याचंही अगदीच चुकत नव्हतं म्हणा. दुकान कुलूप-किल्ल्यांचं. लोक घराच्या किल्ल्या बिनघोर हाती देत, तो विश्वास बाबांनी चाळीस वर्षं सांभाळलेला. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही अशी कुणकुण लागली, तर गिऱ्हाईक फिरकेल कशाला? आणि दुकान बसलं तर औषधं कुठून आणायची? दिवसभर माणूस ठेवण्याची ऐपत आधीच नव्हती. सकाळी दोन तास एक मावशी येत, बाबांना आंघोळ घालून, भरवून जात. त्या गेल्या की मुलगा दुकानामागच्या खोलीच्या दाराला किल्ली फिरवी. "बाबा ना? ठणठणीत आहेत!" असं येणाऱ्याजाणाऱ्याला हसून सांगे. गल्लीत कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

मावशींना हे पटत नसे. "दादा, शेजाऱ्यांना तरी सांगून ठेवा. आजारच झालाय, चोरी नाही केली त्यांनी."

"मावशी, तुमचं काम तुम्ही करा," तो तुटकपणे म्हणाला.

आता कोंडलं कोणाला बघा! ज्याने अख्ख्या पेठेची कुलपं उघडली, त्याला! बाबा मुलाचं नाव विसरले होते, जेवलो की नाही हे विसरत होते. हात मात्र काही विसरले नव्हते. एका सकाळी सुनेच्या केसांतून खोलीत गळून पडलेल्या आकड्याने त्यांनी दार उघडलं आणि मागच्या गल्लीतून निघून गेले.

दुपारी ताट घेऊन मुलगा आत गेला, तर खोली रिकामी! तो तसाच बाहेर धावला.

"काका? ते सकाळीच गेले की," इस्त्रीवाला म्हणाला. "म्हणाले, गिऱ्हाईक खोळंबलंय. मी म्हटलं, या वयातही काय उत्साह!"

फळवालीने त्यांना रस्ता ओलांडून दिला होता. पेपरवाल्याने तर हाताला धरून बसमध्ये चढवलं होतं. सगळ्यांनी पाहिलं होतं, अडवलं कोणीच नव्हतं. अडवणार तरी कशाला? ठणठणीत माणूस कामाला निघाला होता!

संध्याकाळी पोलिसांचा फोन आला. शहराच्या दुसऱ्या टोकाला बाबा एका परक्या घराचं कुलूप उघडत होते. त्यांना ते आपलंच घर वाटलं होतं. तिथल्या लोकांना वाटलं, चोर सापडला. त्यांनी बाबांना मारलं.

इस्पितळात बाबांच्या उजव्या हाताला पट्टी होती. तीन बोटं मोडली होती. मुलाला पाहून ते अदबीने उठू लागले.

"किल्ली हरवली का साहेब? जरा थांबाल? आज हात दुखतोय."

मुलगा त्यांच्या पायाशी बसून ढसाढसा रडला. "माणसं आहेत की जनावरं ती!"

मावशी धावत आल्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मारणाऱ्यांना पोलीस बघतील, दादा. पण आपल्या गल्लीतल्या माणसांनी तर बाबांना जीव लावला होता. त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते कोणामुळे?"



दुसऱ्या दिवशी तो गल्लीत दारोदार गेला. सांगताना त्याची जीभ अडखळत होती. इस्त्रीवाल्याचे डोळे भरून आले. "आधी का नाही सांगितलंस रे? इथेच बसवून घेतलं असतं मी त्यांना."

काही गिऱ्हाइकं तुटली, हे खरं. मावशींचे तासही वाढवता आले नाहीत. पण बाबांची दुपार आता इस्त्रीवाल्याच्या बाकावर जाते, आणि ते उठले की गल्लीतले चार जण उठतात.

वाचकहो, असं माणूस उद्या तुमच्याआमच्या घरातही असेल. आजार झाकून अब्रू वाचत नाही; धावून येणारे हात तेवढे आपण दूर ठेवतो. "आमच्या बाबांना आठवत नाही, जरा लक्ष ठेवा," एवढंच तर म्हणायचं असतं. ते त्या मुलाच्या तोंडून निघायला बापाची तीन बोटं मोडावी लागली!