काचेपलीकडची खुर्ची

शिकवणं सोपं. शिकायला मात्र खाली बसावं लागतं, आणि तिथे गुडघ्यांपेक्षा ताठ मानच जास्त आडवी येते. नगरपालिकेच्या मॅडमनी हे ओळखून एक नियम केला होता. दर गुरुवारी खिडक्या बंद झाल्या की शिकवणाऱ्याने काचेपलीकडच्या खुर्चीत नागरिक होऊन बसायचं आणि शिकणाऱ्याने त्याचं काम करून द्यायचं.

सुरुवातीला नुसतं हसं झालं. पाणीपट्टीचे भाऊ दरवेळी सासूच्या मृत्यूची नोंद करायला यायचे. "दर गुरुवारी सासूला मारता, भाऊ," बाकीचे म्हणायचे, "एकदा घरी कळू दे." पण त्या खुर्चीत बसल्यावरच भाऊंना उमगलं, की तिथून काचेमागच्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसतात, ऐकू काहीच येत नाही. पुढच्याच आठवड्यात काचेचं भोक मोठं झालं. मग हसता हसता सगळे शिकू लागले.

जन्म-मृत्यूच्या खिडकीवरच्या ताई शिकवण्यात कडक. सध्या त्यांच्या हाताखाली बागेतून आलेले माळीदादा होते. गुडघ्यांनी दगा दिला, उकिडवं बसणं संपलं, म्हणून मॅडमनी त्यांना खिडकी देऊन पाहिली. नाहीच जमलं तर अंधाऱ्या गोदामावर पहारा होताच. माणसांत रमणाऱ्या दादांना त्या गोदामाची धास्ती होती. पण दोन गुरुवार ते प्रश्नांच्या क्रमात अडखळले होते.

"तारीख, वेळ, ठिकाण, कारण," ताई बोटांवर मोजत सांगायच्या. "हे आपलं ध्रुपद, दादा. ते सोडून भरकटायचं नाही."

"भरकटत नाही हो, ताई. वाटेत माणूस भेटतो."

आजचा गुरुवार शेवटचा. ठेवायचं की नाही, ते ताईंनीच सांगायचं होतं.

ताई खुर्चीत बसल्या. पिशवीतून दवाखान्याचा कागद काढून त्यांनी काचेखालून सरकवला. दादांनी चष्मा लावून वाचला आणि त्यांचा हात थांबला. हा सरावाचा कागद नव्हता. ताईंची आई देवाघरी गेली तेव्हा सगळं ऑफिस त्यांच्या घरी जाऊन आलं होतं. पण गावातल्या सगळ्यांच्या नोंदी करणारा तो हात आईच्या नोंदीला अजून धजला नव्हता, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"तारीख विचारा," ताई म्हणाल्या. आवाज कडक ठेवायला गेल्या, तो मध्येच चिरकला.

दादांनी पेन खाली ठेवलं. "ताई, आई मूळच्या कुठल्या?"

"हे शेवटी येतं."

"येऊ दे की. आमच्याकडे रोप आलं तर ते कुठून आलं, हे आधी विचारतात. कशानं वाळलं, ते मागून."

ताई टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "नदीकाठची. मासोळीसारखी पोहायची. आम्हा एकाही पोराला ते जमलं नाही."

"तुम्हाला काय म्हणायच्या?"

"खारूताई. एका जागी बसायचे नाही ना."

मागे बघत उभे असलेले भाऊ फिसकन हसले. ताईंनाही हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे वाहू लागले.

"आता बसलात की," दादा हळूच म्हणाले.

घाई कोणालाच नव्हती. मग तारीख, वेळ, ठिकाण, कारण, सगळं ताईंनीच एकामागून एक सांगितलं, न विचारता. दादांनी फक्त लिहून घेतलं, सावकाश, रोप लावावं तसं एकेक अक्षर.

दाराशी उभ्या असलेल्या मॅडमनी विचारलं, "काय ठरलं, ताई?"

"क्रम चुकला," ताई म्हणाल्या.

दादांची मान खाली गेली. ते उगाच चष्मा पुसू लागले.

"माझा," ताई पुढे म्हणाल्या. "माणूस टेकतो न टेकतो तोच मी तारीख विचारत आले, इतकी वर्षं. दादांना खिडकीवर राहू द्या, मॅडम. आणि पुढच्या गुरुवारी नागरिक ते होतील. काचेमागे मी बसेन. हे मला शिकायचंय."

दादांनी चष्मा लावला. तो पुसूनही धूसरच होता.

"पण ताई, मी नोंद कोणाची आणू?"

"भाऊंना विचारा," ताई पदराने डोळे टिपत म्हणाल्या. "त्यांच्या सासूबाईंना आता सवय झालीय."